मालिका बिघडल्या, की माझंच वय झालं?

ताई, स. न. वि. वि.

मी बार्शीचा. वय एक्कावन्न, हार्डवेअरचं दुकान आहे. रात्री साडेआठला शटर ओढायचं, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि पानावर बसायचं, हा नेम. टीव्ही जेवायच्याच खोलीत. आई (वय शहात्तर) आणि बायको मालिका लावून बसलेल्या असतात, म्हणून मीही बघतो. रोज नाही. माल उतरवायचा असला किंवा लग्नसराई असली की आठ-आठ दिवस चुकतं. म्हणजे मी काही मालिकावेडा नव्हे.

सध्या जी चालू आहे ती सुरुवातीला खरंच छान होती. गावातली हुशार मुलगी, शिकायची जिद्द, सासरच्यांशी भांडून का होईना पण परीक्षा देणार. दुकानातल्या पोरांनासुद्धा मी सांगितलं होतं, बघा म्हणून. आता वर्ष झालं. परीक्षा राहिली बाजूला. त्या घरात एकजण दुधात काहीतरी कालवतोय, एकीची स्मृती गेलीय आणि ही हुशार मुलगी भरजरी साडी नेसून जिन्यात उभी राहून चोरून ऐकतेय. परवा कहर झाला. तिच्या हाताला एक जुना फोटो लागला, पालथा. तो उलटला की सगळं कोडं सुटणार. अर्धा तास तिने तो उलटला नाही! आधी सासूने हाक मारली, मग दूध उतू गेलं, मग लाईट गेली. लाईट आली तेव्हा फोटो वाऱ्याने कपाटाखाली! माझ्या तोंडून निघून गेलं, "काय हा मूर्खपणा लावलाय!" आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुला बघायचं नसेल तर आत जाऊन जेव." त्यानंतर दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही.

मला एवढंच विचारायचंय. मालिका खरंच बिघडल्यात, की माझं वय झालं? पूर्वीच्या किती छान असायच्या. आणि ही जी चिडचिड होते तिचं काय करू? बंद करा म्हणालो तर घरात महाभारत.

ता. क. मुलगा पुण्याहून सांगतो, वेबसिरीज बघा. कुठली बघू?

— एक वाचक, बार्शी

नमस्कार,

तो फोटोचा भाग मी पाहिलेला नाही, पण तुम्ही इतका नीट सांगितलात की बघायची गरज उरली नाही. एवढ्या बारकाईने बघणारा माणूस स्वतःला "अधूनमधून बघणारा" म्हणवतो, याचं मात्र हसू आलं.

वयाचं आधी निकालात काढू. एक्कावन्नाव्या वर्षी जे खटकलं ते एकविसाव्या वर्षीही खटकलं असतं. तेव्हा तुम्ही उठून कट्ट्यावर गेला असता, एवढाच फरक. तुमची नजर ठीक आहे. मागणी मात्र जरा चुकलीय. तुम्ही त्या मालिकेकडे शेवट मागताय, आणि शेवट तिच्या दुकानात मिळत नाही.

तुम्ही हिशेबातले आहात, म्हणून हिशेबच मांडते. दूरदर्शनच्या काळात मालिका साधारण तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायच्या. आठवड्याला एक भाग, म्हणजे एक तिमाही. आज अर्ध्या तासाच्या खिडकीतून जाहिराती वजा केल्या (नियमाने तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं) की मालिकेला बावीस-चोवीस मिनिटं उरतात. तेरा भाग म्हणजे जेमतेम पाच तास. त्या काळच्या लेखकाला पाच तासांची गोष्ट तीन महिन्यांत सांगायची असायची. आजच्या रोजच्या मालिकेला, आठवड्याचे सहा दिवस धरले तर, तेवढाच मजकूर दोन आठवडे आणि एका दिवसात लागतो. वर्षाचे होतात तीनशे भाग, एकशे दहा तास. वर्षाला एकशे दहा तासांची गोष्ट कोणत्या लेखकाच्या पोटात असते, सांगा बरं. मग फोटो पालथाच ठेवावा लागतो.

आणि त्या मुलीची परीक्षा. ती का होत नाही याचा तुम्हाला राग आहे. पण विचार करा, परीक्षा झाली की काय होईल? पास झाली तर गोष्ट संपली. नापास झाली तर ज्यांनी तिच्यासाठी जीव टाकला ते प्रेक्षक चिडणार. म्हणजे तुम्हाला जे बघायचं होतं, नेमकं तेच मालिकेला परवडत नाही. म्हणून तिला जिन्यात उभं केलंय. चोरून ऐकण्याला शेवट नसतो ना. आज हे ऐकलं, उद्या ते.

यात लेखक बिचारे आळशी असतात असं समजू नका. श्रेयनामावली नीट वाचलीत तर दिसेल, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. सेटवर बारा-बारा तास चित्रीकरण चालतं आणि हाताशी पुढच्या काही दिवसांचेच भाग तयार असतात. एखादी अभिनेत्री आजारी पडली, एखाद्याला सिनेमा मिळाला, की पात्र अचानक "परगावी" जातं, नाहीतर जिन्यावरून पडतं. शिवाय दर गुरुवारी निकाल लागतो. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा मोजून 'बार्क' ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था पुढच्या गुरुवारी आकडे देते, ज्याला आपण सगळे टीआरपी म्हणतो. कालपरवाच्या विषप्रयोगाने आकडा चढला असेल तर विष आणखी महिनाभर पुरवून वापरतात. परीक्षेच्या अभ्यासाने उतरला असेल तर पुस्तकं दुसऱ्या दिवशी माळ्यावर.

हे आकडे येतात कुठून, तेही ऐका, कारण तुमच्या चिडचिडीवरचं अर्धं औषध त्यात आहे. साऱ्या देशात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला कळणार नाही अशी एक खूण मिसळलेली असते, ती हा मीटर ओळखतो. घरात कोण बघतंय हे कळावं म्हणून रिमोटवर प्रत्येकाचं वेगळं बटण. देशाच्या मानाने ही घरं मूठभरच, आणि कुठल्या घरात मीटर आहे ते गुप्त ठेवतात. तुमच्या घरात तो नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे तुम्ही पानावर बसून बघितलंत काय आणि रागाने उठून गेलात काय, त्या मालिकेच्या केसालाही धक्का लागत नाही. तुमच्या निष्ठेचा तिला फायदा नाही, बहिष्काराचा तोटा नाही. मग तिच्यावर रक्त आटवायचं कशाला? दुकानात पोरांना "बघा" म्हणून सांगितलंत म्हणून ती तुमची जबाबदारी होत नाही.

आता "पूर्वीच्या किती छान असायच्या" याबद्दल. हे मला अर्धंच पटतं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं आपल्यासमोर ते एकच होतं. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवडाभर वाट बघायला लावायचे, त्या वाट बघण्याचीही चव त्यात मिसळलेली आहे. वाईट मालिका तेव्हाही लागायच्या. आपण त्या विसरलो, एवढंच. रोजच्या मालिकेचं खूळही काही कालपरवाचं नाही. दूरदर्शनवरच्या 'दामिनी'ने मराठीला रोज एकाच माणसाच्या घरी जायची सवय लावली, त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नावात चार दिवस होते हो! 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावरचे विनोद मालिका न बघणाऱ्यांनाही पाठ झाले होते. तुम्हीही एखादा पुढे पाठवला असेल. तेव्हा चिडला नव्हतात, कारण विनोद मोबाईलवर येत होता आणि मालिका दुसऱ्याच्या घरात चालू होती.

पण तुमच्या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे आणि ती लांबणीपेक्षा वेगळी आहे. मालिका पहिल्या आठवड्यात एक शब्द देते: मी अमुक प्रकारची गोष्ट सांगणार आहे. तो शब्द फिरवला की माणूस दुखावतो. पुनर्जन्माचंच बघा. 'असंभव'मध्ये पुनर्जन्म होता आणि त्यावर कोणी नाक मुरडलं नाही, कारण पहिल्यापासूनच ती गूढकथा म्हणून समोर आली होती. जुना वाडा, जुनं वैर, मागच्या जन्मीचा हिशेब, हे सगळं मान्य करूनच लोक बसले होते. २०१८ मध्ये 'तुला पाहते रे' आली ती मोठ्या वयाचा उद्योगपती आणि चाळीतली मुलगी यांची प्रेमकथा म्हणून. बऱ्याच घरांत त्या वयातल्या अंतरावर खरी चर्चा झाली. मग त्यात मागचा जन्म आला आणि नायकाचा खलनायक झाला. लेखकांच्या मनात ते पहिल्यापासून असेलही, मी नाही म्हणत नाही. आणि वर्षभरात त्यांनी ती संपवलीही, हे त्यांच्या बाजूने बोलायला हवं. पण जी बाई वयाच्या अंतराचं पुढे काय होतं हे बघायला बसली होती, तिचा प्रश्न तिथेच राहिला. तुमच्या हुशार मुलीचं तसंच झालंय. तुम्हाला शिक्षणाची गोष्ट दाखवायचं कबूल केलं आणि दुधातलं विष दाखवलं. राग यायलाच हवा.

रोजची मालिका शब्द पाळून वेळेत संपू शकते हेही आपण बघितलंय. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. घना आणि राधाचं खोटं लग्न खरं कसं होतं एवढंच सांगायचं होतं, ते सांगितलं आणि घरी गेले. लोक अजून नाव काढतात. पण असं धाडस करायला वाहिनीच्या हातात पुढची तितकीच चांगली मालिका तयार लागते. चालती गाडी कोण थांबवतो? दुसऱ्या भाषेतून आणलेली मालिका असेल तर आणखी अवघड. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून आली, हिंदीतली 'अनुपमा'ही तिथलीच. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई स्वतःचं आयुष्य पुन्हा उभं करते, हा मूळ गाभा कुठल्याही भाषेत पकडून ठेवणारा. पण २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालवायचं म्हटल्यावर अरुंधतीला उभं करून झाल्यावर पुन्हा पाडावं लागणार, आणि पुन्हा उभं. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांतली अरुंधती ही मराठी टीव्हीवरची मोठी बाई आहे. पुढची मी सोडून दिली. मालिका मध्येच सोडली म्हणून कोणी पकडून नेत नाही.

आता आईंकडे येते. खरं पत्र तिथे आहे, फोटोत नाही.

तुम्हाला वाटतं आई गोष्ट बघतात. मला नाही वाटत. शहात्तराव्या वर्षी रोज ठरल्या वेळी ओळखीची आठ-दहा माणसं घरात येतात, त्यांची भांडणं होतात, सणवार होतात, कुणाला दिवस जातात. पूर्वी हे ओट्यावर व्हायचं. ओट्यावरच्या गप्पांना कुणी विचारत नसे की याचा शेवट काय. समोरच्या घरातली सून कालपासून गप्प का, एवढं पुरायचं. तुम्ही "काय हा मूर्खपणा" म्हणालात तेव्हा आईंना ते मालिकेबद्दल ऐकू आलं नसेल. ओट्यावर बसलेल्या बाईला येणाऱ्या-जाणाऱ्याने "रिकामटेकडी" म्हणावं तसं लागलं असेल. "आत जाऊन जेव" त्यातून आलं. त्या तुम्हाला हाकलत नव्हत्या, आपला ओटा राखत होत्या.

म्हणून पहिलं काम सोपं. मालिका चालू असताना तोंडातून निघणारा शेरा गिळायचा. माफीबिफी मागत बसू नका, आया त्याने अवघडतात. त्याऐवजी उद्या जेवताना, जाहिराती लागल्या की विचारा, "काय गं, सापडला का तो फोटो?" बस. मग बघा. मधले जे आठ दिवस तुमचे दुकानात गेले, ते त्या तीन मिनिटांत सांगतील. कोण खरं, कोण खोटं, कुणाचा नवरा मेणाचा, हे त्यांच्या शेऱ्यांसह. माझा अनुभव असा की मालिकेपेक्षा ती सांगणारी बाई जास्त रंगतदार असते, कारण ती पालथा फोटो लगेच उलटते. तिला जाहिराती घ्यायच्या नसतात. तुम्हाला हवा तो वेग तुमच्या घरातच आहे, पडद्यावर शोधताय.

दुसरं, तुमच्या बायकोबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं मत एका ओळीतही नाही. त्यांना ती मालिका खरंच आवडते, की सासूबाईंना सोबत म्हणून त्या बसतात, की दिवसभरात बूड टेकायला तेवढाच अर्धा तास मिळतो? मी पैजेवर सांगते, तुम्हाला माहीत नाही. टीव्ही बंद करायचा प्रस्ताव मांडण्याआधी हे एकांतात विचारा. कदाचित तुमच्या बाजूने एक मत निघेल. कदाचित कानउघाडणी होईल. दोन्हींत फायदाच.

आणि तुमचं स्वतःचं काय? कुठलीही नवी रोजची मालिका सुरू झाली की तिचे पहिले दोन-तीन महिने बघा. तेवढ्यात लेखकाच्या मनातली मूळ गोष्ट असते, माणसं ताजी असतात, त्या घरात खरोखरच कुणीतरी राहतंय असं वाटतं. मग एखाद्या दिवशी 'काही वर्षांनंतर' अशी पाटी येईल, किंवा नायिकेसारखी दिसणारी दुसरी नायिका उगवेल, किंवा दोन मालिकांतली माणसं एकाच लग्नात जमून 'महासंगम' करतील. त्या दिवशी तुम्ही मोकळे. जेवून हात धुवा आणि उठा, पण उठताना काही बोलू नका. पुढचं आई सांगतीलच. वेळ बदलणं हेही लक्षण समजा. मालिका साडेआठवरून अकराला गेली की वाहिनीनेच तिच्यावरची माया पातळ केली म्हणायची.

राहता राहिला ता. क. मुलाचं बरोबर आहे, पण त्याला सांगा, वेबसिरीजसुद्धा शेवटी पुढच्या भागाची खुंटी ठोकून ठेवतात, त्याही काही सगळ्या सज्जन नव्हेत. तरी सहा-आठ भागांत बहुतेक गोष्ट उरकते, ही मोठी सोय. मराठीतच बघा. सुरुवात 'आणि काय हवं'ने करा. नवरा-बायको, पहिलं घर, पहिली गाडी, बस एवढंच. भाग लहान आहेत, बायकोबरोबर रात्री एक-एक बघता येईल. प्रिया बापट आणि उमेश कामत खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको असल्यामुळे त्यांची भांडणं पाठ केलेली वाटत नाहीत. मग 'समांतर', सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, पहिल्या पर्वाचे नऊ भाग. एकाचं नशीब दुसऱ्याने आधीच जगून झालंय, अशी कल्पना. तुम्हाला आवडेल, पण पहिलं पर्व अशा जागी थांबतं की तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. दुसरं पर्व आलेलं आहे, तेव्हा शाई वाया घालवू नका.

'मानवत मर्डर्स' शेवटी ठेवा. परभणी जिल्ह्यातलं मानवत, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे खून, आणि तपासाला गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी, ते काम आशुतोष गोवारीकरांनी केलंय. हे प्रत्यक्ष घडलेलं आहे आणि तुमच्या मराठवाड्याच्या शिवेवरच्या गावात त्या वेळच्या आठवणी सांगणारी माणसंही निघतील, बहुधा तुमच्या घरातच. आठ भाग आहेत, गुंता सुटतो. फक्त जेवताना लावू नका, आणि आईंसमोर लावायची असेल तर आधी विचारा. कदाचित त्याच म्हणतील, आमच्या मालिकेला नावं ठेवतोस आणि हे बघतोस होय.